शून्याची खात्री

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. मीटर म्हटल्यावर तुम्हांला दारामागे बसून विजेचे बिल वाढवणारा मीटर आठवेल. तो मी नव्हे. मी हातात मावणारा, काट्याचा मीटर. माझ्या तोंडावर काचेची खिडकी आहे. तिच्यामागे कमानीसारखी आकड्यांची पट्टी आणि केसाएवढा बारीक काटा. माझ्या अंगात दोन वायरी खोचलेल्या असतात, एक लाल आणि एक काळी. त्यांच्या टोकाला धातूच्या टोकदार कांड्या आहेत. त्या दोन ठिकाणी टेकवल्या की काटा उजवीकडे सरकतो आणि तिथे विजेचा दाब किती आहे ते सांगतो. वीज नसेल तर काटा डाव्या कोपऱ्यात, शून्यावर, गप्प बसून राहतो. हे गप्प बसणे नीट लक्षात ठेवा. माझी सगळी कहाणी त्यावरच उभी आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भिंगाखाली काटे बसवणाऱ्या एक बाई होत्या. फुंकरीनेही काटा हलतो, म्हणून त्या श्वास रोखून काम करायच्या. मी तयार झाल्यावर त्यांनी मला ठरावीक दाबाला जोडून पाहिले. काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला, आणि त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. एकदा पास झालो म्हणजे जन्मभरासाठी पास, असे मी धरून चाललो होतो.

माझे पहिले मालक लिफ्ट दुरुस्त करत. त्यांची भाची शाळेतून आली की त्यांच्या शेजारी बसून मला न्याहाळायची, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणू लागलो. मामांचा हात मोठा होता. काम संपले की ते माझ्या वायरी त्या हाताभोवती सैल गुंडाळत आणि मगच पिशवीत ठेवत.

"ही लोकर आहे असं समज, सुतळी नव्हे," ते भाचीला सांगत. "वायर ओढली की रुसते. आणि माणूस रुसला तर निदान जेवत नाही. ही रुसलेली कळतसुद्धा नाही."

भाची वीज आणि संगणकाची इंजिनियर व्हायचे ठरवून कॉलेजात गेली, त्याच सुमारास मामांची नजर अधू झाली. माझ्या पट्टीवरचे आकडे त्यांना दिसेनात. त्यांनी मला तिच्या हाती दिले आणि वायरींची एक जादा जोडीही पिशवीत टाकली.

भाचीची आई म्हणाली, "अहो दादा, तिला नवा घेऊ की. कॉलेजात सगळ्यांचे नवे असतील."

"नव्याला शिकवत बसावं लागतं," मामा म्हणाले. "हा शिकलेला आहे."

तिचे कॉलेज जरा वेगळे होते. काही महिने वर्गात शिकायचे, पुढचे काही महिने खऱ्याखुऱ्या कारखान्यात काम करायचे, मग पुन्हा वर्ग, पुन्हा काम. कामाच्या सत्राचा शेरा कारखान्यातून यायचा आणि तो परीक्षेच्या गुणांइतकाच मोलाचा असायचा. सकाळी ती संगणकाला ओळीओळीने काम समजावून सांगायला शिके आणि दुपारी मला घेऊन वायरींमध्ये बसे. ती म्हणायची, "संगणकाला सांगितलं नाही तर तो काही करत नाही. वीज न सांगताच करते."

प्रयोगशाळेच्या सरांनी त्यांना पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. "मीटर म्हणजे साक्षीदार. वायर बंद आहे अशी साक्ष त्याच्याकडून घ्यायची असेल, तर आधी तो शुद्धीवर आहे का ते बघा. म्हणजे जिथे वीज नक्की आहे तिथे लावून बघा. मग बंद वायरीला लावा. आणि त्यानंतर पुन्हा चालू जागी. हे तिन्ही झाल्याशिवाय हात आत घालायचा नाही."

मागच्या बाकावरून कोणी विचारले, "सर, मधल्या मध्ये मीटर मरतो की काय?"

"तुझा मोबाइल तुला सांगून बंद पडतो का?"

वर्ग हसला. मला मात्र तो अपमान वाटला. माझ्या पाठीवर शिक्का होता, मला कसली दोनदा परीक्षा? पण भाचीने नियम मनावर घेतला तो घेतलाच. तिच्या सोबतीच्या मुली पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबून पुढच्या कामाला लागत. ती तिसरी पायरी करून येई, तोवर त्यांचे अर्धे काम उरकलेले असे.

तिचे पहिले कामाचे सत्र पंपांचे स्विचबोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिच्या बोर्डात कधी चूक निघाली नाही. पण शेरा आला तो असा: काम चोख, मात्र एवढी सावकाश मुलगी आम्हांला परवडणार नाही. कॉलेजने तिला बोलावून स्पष्ट सांगितले, की दुसऱ्या सत्रातही असाच शेरा आला तर कारखान्याची वाट बंद. मग राहिलेले शिक्षण नुसते वर्गात बसून.

ती घरी आल्यावर मामांनी विचारले, "मग? वर्गात बसायला काय काटे टोचतात?"

"मला यंत्र उघडायचंय मामा. त्याचं चित्र नाही बघायचं."

मग तिने कंबर कसली. लाकडी फळीवर जुने स्विच ठोकून ती रोज वायरी जोडायची आणि सोडायची. बोटे सोलून निघाली, पण हात चालू लागला. तिची मैत्रीण म्हणाली, "एवढी मरमर कशाला? ती तिसरी पायरी गाळ, आपोआप वेळ वाचेल."

"तेवढं सोडून सगळं वाचवते," ती म्हणाली.

दुसरे सत्र पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होते. हवेत सतत कागदाची बारीक धूळ आणि खळीचा वास. तिथल्या प्रमुखांना सगळे नुसते मॅडम म्हणत. भाचीचा शेरा त्याच लिहिणार होत्या. आणि दुरुस्तीला होता एक चटपटीत फिटर. तो चालत नसे, धावत असे, म्हणून त्याचे नाव एक्सप्रेस. त्याने आल्या आल्या भाचीचे नामकरण केले: बैलगाडी.

"बैलगाडी, तुझा मीटर दे गं जरा."

"दादा, वायरी सैल गुंडाळून परत द्या."

"हो हो. वेणीफणी करून देतो."

मी खरे बोलतो अशी माझी कीर्ती पसरली आणि मग काय विचारता, मला सुट्टीच राहिली नाही. प्रत्येकजण न्यायचा आणि काम झाले की वायरी माझ्याच कमरेभोवती करकचून आवळून, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा मला परत टाकायचा. भाची दर वेळी त्या सोडवून सैल करी. पण जिथे वायर माझ्या अंगातून बाहेर पडते, तिथे लाल आवरणाच्या आत तांब्याचे तंतू एकेक करून तुटत होते. बाहेरून काही दिसत नव्हते. ती रुसली होती, आणि मामा म्हणाले होते तसे, कोणाला कळले नव्हते.

शेरा लिहायच्या आठवड्यात खोक्यांना घड्या घालणारे यंत्र बंद पडले. फाटकाशी ट्रक उभा, माल अर्धा. मॅडम स्वतः खाली आल्या. भाचीने यंत्राच्या लहान पडद्यावर प्रोग्राम तपासला, मग विजेचे पॅनेल उघडून पाहिले आणि म्हणाली, "हुकूम बरोबर सुटतोय. मोटरला वीज देणारा हा मोठा स्विच ऐकत नाही. जळलाय. बदलावा लागेल."

"अरे वा," एक्सप्रेस म्हणाला, "बैलगाडीला इंजिन लागलं की."

मॅडमनी मान हलवली. इतक्या लवकर दोष सापडला होता. भाचीचा चेहरा क्षणभर उजळला. तिने पॅनेलच्या मुख्य स्विचचा दांडा खाली ओढला, त्याला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. शेजारच्या चालू पॅनेलवर मला लावून पाहिले. काटा झेपावला. मग बंद पॅनेल. त्याचे दार भिंतीला अडून अर्धेच उघडत होते. ती वाकून कांड्या आत नेत असताना लाल वायर दाराच्या कडेवर ताणली गेली, आणि आतला शेवटचा तंतू तुटला.

तिने सगळीकडे कांड्या टेकवल्या. मी सगळीकडे शून्य दाखवले.

एक्सप्रेस स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे सरसावला. "हो बाजूला."

"थांबा दादा. मीटर परत बघायचाय."

"आत्ताच तर बघितलास."

"तो आधीचा. नंतरचा राहिलाय."

"अगं, मीटर आहे तो. तान्हं बाळ आहे का घटकेघटकेला बघायला?"

फाटकावर ट्रकचा भोंगा वाजला. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. ते न बोलणे भाचीच्या ओळखीचे होते. पहिल्या कारखान्यातही कोणी काही बोलत नसे. नंतर लेखी कळे. माझ्यावरची तिची पकड घट्ट झाली.

"दादा, हात बाहेर घ्या," ती म्हणाली. "मी येईपर्यंत आत घालू नका." आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण ती विनंती नव्हती. का कोण जाणे, एक्सप्रेसने हात मागे घेतला.

तिने मला चालू पॅनेलवर लावले, जिथे थोड्या वेळापूर्वी काटा झेपावला होता. काटा शून्यावर. पुन्हा लावले. शून्य. मित्रांनो, विजेने भरलेल्या वायरीवर मी वीज नाही म्हणून सांगत होतो, आणि माझ्या पाठीवरचा शिक्का जसाच्या तसा होता.

ती ओरडली नाही. तिने पिशवीतून मामांनी दिलेली जादा जोडी काढली, जुन्या वायरींच्या जागी माझ्यात खोचली आणि चालू पॅनेलवर टेकवली. काटा उडाला. मग ती बंद पॅनेलकडे वळली. एक कांडी पेटीच्या धातूला, दुसरी पहिल्या वायरीला: शून्य. दुसऱ्या वायरीला: शून्य. तिसऱ्या वायरीला टेकवली आणि काटा एका झटक्यात उजवीकडे गेला. मुख्य स्विचचा दांडा 'बंद' म्हणत होता, पण आतली धातूची एक पात उष्णतेने जागच्या जागी चिकटून बसली होती, आणि त्या तिसऱ्या वायरीत वीज तशीच वाहत होती.

एक्सप्रेसने आपल्या हाताकडे पाहिले. मग स्क्रूड्रायव्हर सावकाश खिशात ठेवला.

"बैलगाडी," तो म्हणाला, आणि पॅनेलपासून दोन पावले मागे सरला.

सगळ्या कारखान्याला वीज जिथून जाते, त्या खोलीतून वीज तोडली. भाचीने तिन्ही पायऱ्या पहिल्यापासून केल्या. या वेळी एक्सप्रेसने तिच्यासाठी दार धरून ठेवले. ट्रक बराच उशिरा गेला.

आठवड्याच्या शेवटी मॅडमनी तिला समोर बसवले. "वेगाच्या रकान्यात काय लिहू?"

"आहे ते लिहा मॅडम."

"सावकाश, असं लिहिते." त्यांनी लिहिले. "आणि खाली लिहिते, की पुढच्या सत्रातही हिलाच पाठवा. आणखी कोणी असेच सावकाश असतील, तर तेही चालतील."

आता भाची त्याच खोक्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. माझा काटा हल्ली थोडा अडखळतो, म्हणून मी तिच्या टेबलावर असतो. कामाच्या सत्रासाठी नवी मुले आली की ती मला आणि त्या तुटक्या लाल वायरीला त्यांच्या हातात देते आणि विचारते, "यात कुठे तुटलंय, सांगा बघू." मुले वायर उलटसुलट करून बघतात. कोणालाही सांगता येत नाही. एक्सप्रेस त्या वेळी तिथे असला, तर वायरी हाताभोवती सैल कशा गुंडाळायच्या ते तो दाखवतो. तेवढे एकच काम तो सावकाश करतो.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. आमच्या वायरी करकचून आवळू नका, आम्हांला आपटू नका, आम्ही तुमच्यासाठी झिजतो हे विसरू नका. पण एवढी काळजी घेतलीत तरीही, मी शून्य दाखवीन तेव्हा लगेच हात पुढे करू नका. मला चालू जागी न्या आणि पुन्हा एकदा विचारा. पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही. तुमचे हात शाबूत राहावेत, याहून मोठा शिक्का माझ्या पाठीवर कोणी मारू शकणार नाही.