धोंड्याच्या महिन्यातला वायसर

यंत्राला नातीगोती कळत नाहीत, त्याच्यापुढं लहानमोठं कुणी नसतं, असं जाणती माणसं सांगत आली आहेत. त्यांच्या अंगणात धोंड्याच्या महिन्यात जावई पाना घेऊन बसलेला नसणार.

वडवणीजवळच्या बद्रीनाथच्या अंगणात तो बसला होता. जावई रविराज चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. दुसऱ्यांनी बनवलेले भाग नापास करणं हे त्याचं काम. जेवणाला अवकाश होता, म्हणून सासऱ्याच्या मोटारसायकलचं ऑइल बदलून देतो, असं त्यानं स्वतःहून जाहीर केलं. जावयाला नको म्हणायची सोय आपल्याकडं एरवीही नसते. अधिक महिन्यात तर तो साक्षात नारायण.

त्याआधी सकाळ वायसर निवडण्यात गेली होती. इंजिनाखालच्या चेंबरला ऑइलचा नट बसतो, त्या दोघांमधली ही चपटी चकती. ती नीट बसली नाही की ऑइल पाझरतं. गहिनीनाथच्या दुकानात रविराजनं तांब्याचे वायसर बाजूला सारले. ॲल्युमिनियमचे काचेवर ठेवून नखानं दाबून बघितले आणि बरेचसे नापास केले.

"पाव्हणं," गहिनीनाथ म्हणाला, "वायसर घ्यायला आलाव का पोरगी बघायला?"

"पोरगी एकदाच बघायची असती. वायसर दर वेळी बदलावा लागतो."

बद्रीनाथ मुलीचा बाप असल्यानं दोघांच्याही बोलण्यावर हसला.

आता अंगणात काळं ऑइल घमेल्यात उतरलं होतं. बाजेवर बसलेल्या बद्रीनाथला दिसलं, की नट एकटाच बाहेर आलाय. जुना वायसर चेंबरलाच चिकटून राहिला होता, मळानं इतका काळा की चेंबरचाच भाग वाटावा. रविराज नव्या वायसरसकट नट त्याच्यावरच बसवत होता.

"जुना वायसर पडला का घमेल्यात?" बद्रीनाथनं पीकपाणी विचारावं तसं विचारलं.

"पडला असंल, मामा. ऑइलबरोबर जातो तो."

बद्रीनाथनं विषय सोडून दिला. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला त्यानं भावकीसमोर जावयाला "पाव्हणं, ट्रॅक्टर असा मागं घेत न्हाईत" म्हटलं होतं. त्या दिवाळीला लेक वैष्णवी माहेरी आली नाही. जावई रुसला, असं घरानं ठरवून टाकलं. विचारून खात्री करून घेणं रीतीत बसत नव्हतं. आणि आता पुन्हा दिवाळी यायची होती.

नवं ऑइल ओतलं, तसे नटाखाली थेंब धरू लागले. केशरबाई नवऱ्याच्या कानाशी आली. "अवो, गळायलंय ते. नुसतं काय बघायलाव? सांगा की."

"तू सांग."

"मी कावून सांगू? सासू हाय मी."

रविराजनं पान्याला नळीचा तुकडा लावला आणि जोर घातला. जास्त आवळलं की चेंबरचे आटे जातात आणि नट धरतच नाही, हे बद्रीनाथला ठाऊक होतं. सरपंचाला, तलाठ्याला, सख्ख्या भावाला तोंडावर बोललेला हा माणूस. पण ज्याच्या घरात आपली लेक नांदते, त्याला 'जुना वायसर काढा' एवढं सांगायला त्याची जीभ उचलेना. चेंबर बाजारात मिळतं, असा विचार त्यानं केला. दिवाळीला आलेली लेक बाजारात मिळत नाही.

नट एकदम हलका फिरला आणि नवं ऑइल भळाभळा घमेल्यात आलं. रविराजचा चेहरा उतरला. "मामा, आटे..."

"आधीच गेल्ते, पाव्हणं. मीच कसंबसं आवळून चालवत होतो. तुमच्या हातानं निकाल लागला, लई बरं झालं."

रविराजला हायसं वाटलं. "गाडीकडं लक्ष देत जावा, मामा."

"व्हय. चुकलंच माझं."

वैष्णवी दारात उभी होती. तिनं घमेल्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि ताटं वाढलीत म्हणाली. रविराज पुरणाचे धोंडे पोटभर जेवला, अनारशांचं ताट घेऊन खुशीत गेला. दिवाळीचं आता पक्कं झालं, असं केशरबाईनं शेजारी सांगितलं. बद्रीनाथ चेंबर मिळेपर्यंत शेतात पायी जात राहिला, आणि त्याबद्दल त्यानं कुणापाशी तक्रार केली नाही.

दिवाळीला वैष्णवी आली नाही. रविराजला याही वर्षी सुट्टी मिळाली नव्हती.