काळ्या डब्यातलं खोकं

नीताने काळ्या डब्यातून व्हॅक्यूम क्लीनरची भरलेली पिशवी बाजूला सारली आणि तळाशी दडपलेलं पुठ्ठ्याचं रिकामं खोकं बाहेर ओढलं.

पुठ्ठा, आणि तोही रेस्टम्यूलमध्ये, म्हणजे कुठल्याच वर्गात न बसणाऱ्या कचऱ्यात. या घरात दह्याच्या डब्याचं झाकणसुद्धा वेगळं धुतलं जाई. पुण्याहून जर्मनीत आलेल्या सासूबाईंना उतरल्या दिवशीच तिच्या नवऱ्याने, चारुदत्तने, कोणता कचरा कुठे, याची शिकवणी दिली होती. असा माणूस पुठ्ठा चुकून टाकत नाही. लपवतो.

खोक्यावर प्राइमरचं नाव होतं. प्राइमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली ती टोपी, जिच्यावर पिन आदळली की आतली दारू पेटते. नाव नेहमीचं नव्हतं.

चारुदत्त तळघरात रिकामी काडतुसं पुन्हा भरत बसला होता. त्याचा सरकारी परवाना भिंतीवर होता, इंजिनिअरिंगच्या पदवीपेक्षा मोठ्या चौकटीत. शेजारी कोष्टक: कोणत्या दारूला किती छर्रे, कोणता प्राइमर. खाली ठळक अक्षरांत, यातलं काहीही परस्पर बदलू नये, दाब वाढून नळी फुटू शकते.

"नेहमीचे प्राइमर मिळाले का रे?"

"मिळाले की." त्याने मान वर केली नाही.

तिने खोकं त्याच्यासमोर ठेवलं. मग मात्र त्याला बरंच बोलायचं होतं. दुकानात नेहमीचे संपले होते. हेही त्याच मापाचे, भोकात अगदी घट्ट बसतात. आल्झो, थोडक्यात काय, कोष्टकवाले वकिलांना घाबरून असलं काहीतरी लिहितात.

नीता गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती, चारुदत्त ब्रेकच्या डिझाइनला. "मापात बसतंय, लावून टाका, असं सप्लायरने तुला लिहिलं असतं, तर फ्रायगाबेवर, मंजुरीच्या कागदावर, सही केली असतीस?"

"ते ब्रेकचं काम असतं गं. हे माझ्यापुरतं आहे."

माझ्यापुरतं. तिने तो शब्द जपून ठेवला.

रविवारी ब्योब्लिंगेनबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर कपिलही आला. सांगलीचा पोरगा, मार्चमध्ये चारुदत्तच्या हाताखाली रुजू झालेला; हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या एकदा तरी बंदुकीने फोडायच्या होत्या त्याला. स्टेपलरवरसुद्धा स्वतःचं नाव चिकटवणाऱ्या चारुदत्तने त्याच्या ओंजळीत हिरवी काडतुसं ओतली.

"वहिनी, दादांनी घरची दिलीत," कपिल म्हणाला, जसे काही बेसनाचे लाडूच मिळाले होते.

नीता हसली, पण तिची नजर मैत्रेयीच्या कमरेच्या पिशवीवर होती. लेक सोळा वर्षांची, क्लबच्या ज्युनिअर संघात. एरवी आपली पिशवी आपणच भरायची. आज बापाने भरली होती. आत सगळी लाल काडतुसं. दुकानातली.

"हिला विकतची का?"

"पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. एकसारखी सवय हवी."

मैत्रेयी जर्मनमध्ये कुरकुरली, की हिरवीही चांगलीच लागतात, आणि तिने त्याच्या डब्याकडे हात नेला. चारुदत्तने डब्यावर तळवा ठेवला.

"नाही म्हटलं ना."

एवढ्या चढ्या आवाजात तो लेकीशी कधी बोलत नसे. मग बंदूक उचलून तो जागेवर जाऊन उभा राहिला.

नीताने कपिलपुढे हात पसरला. "ती हिरवी दे इकडे. मैत्रेयीच्यातली घे."

"का हो वहिनी? बिघडलीत?"

"तुझ्या दादांना विचार."

चारुदत्तची पाठ त्यांच्याकडे होती. बंदूक खांद्याला लागलेली. आता तो हाक देणार आणि तबकडी सुटणार. कपिल वाट बघत राहिला. हाक आली नाही.

थोड्या वेळाने बंदूक खाली आली, मधून उघडली. चारुदत्तने दोन हिरवी काडतुसं काढून जाकिटाच्या खिशात टाकली. मग न वळता त्याने रिकामा हात मागे केला.

नीताने त्यावर दोन लाल काडतुसं ठेवली.