एका नावाच्या दोन पट्ट्या

मी एका हृदयाचं अक्षर आहे. तापलेल्या सुईनं गुलाबी चौकटींच्या कागदावर लिहिलेलं. डॉक्टर मला कार्डिओग्राम म्हणतात, घरात मला सगळे नुसतं ‘पट्टी’ म्हणायचे. आता मी एका पत्र्याच्या डब्यात पडून असते. माझी रेघ पुसट होत चालली आहे, म्हणून सांगायची घाई आहे.

माझा जन्म १९८५ सालच्या एप्रिलमध्ये नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात झाला. बाहेर बाकांवर चंद्रपूर-यवतमाळकडून आलेली माणसं गाठोडी घेऊन बसली होती. प्रत्येकाबरोबर कोणीतरी होतं. प्रेमिलाबाई एकट्या आल्या. टेबलावर झोपल्या, मनगटांना पट्टे बांधले गेले, सुई हलू लागली आणि पाच मिनिटांत मी हातभर लांब झाले.

त्या पाच मिनिटांत मला ही बाई जेवढी कळली तेवढी कोणालाच कळली नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचा एक कोपरा सुकून गेला होता. तिथं माझी रेघ खाली दबते. तिनं ही गोष्ट मुलीलासुद्धा सांगितली नव्हती. पत्रात लिहिलं होतं, पित्ताचा त्रास झाला होता, आता बरी आहे.

डॉक्टरांनी मला कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं, वर नाव लिहिलं आणि सांगितलं, जुनी जखम आहे तशीच आहे, वाढलेली नाही. बाईंनी विचारलं, विमानानं लांब जाऊ शकेन ना? डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, गोळ्या चुकवू नका.

जायचं होतं अमेरिकेला. प्रेमिलाबाईंची एकुलती एक मुलगी, सुमती, डेट्रॉइटला होती. तिला ऑगस्टमध्ये बाळ होणार होतं. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, पण मुलीला माहेरी येणं शक्य नव्हतं. म्हणून माहेरच तिकडे निघालं होतं. प्रेमिलाबाई महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, घर जरीपटक्याजवळ दोन खोल्यांचं. त्या दोन खोल्यांत डिंक, अळीव, खारका, बाळाच्या झबल्यांचं कापड, सगळं एका पेटीत जमत होतं. सुमतीनं लिहिलं होतं, “आई, तू असलीस की मला कशाची भीती नाही.” जावयाचं मात्र एक सांगणं होतं. इथला दवाखाना आपल्याला झेपणार नाही. आईंनी प्रवासाचा विमा उतरवला तरच यावं.

हा परदेश प्रवासाचा विमा तेव्हा नवाच निघाला होता. साठी उलटलेल्यांकडून अर्जासोबत कार्डिओग्राम मागत. माझा जन्म त्यासाठीच होता. मी कामाची आहे, या समजुतीत मी दोन दिवस मोठ्या आनंदात होते.

तिसऱ्या दिवशी विम्याचे एजंट मनोहरराव आले. त्यांनी मला बोटांत धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, ही पट्टी लावली तर काम होत नाही. आधीचा काही आजार, या रकान्यात ‘नाही’ लिहा आणि दुसरी पट्टी आणा.”

“दुसरी कुठून आणू? हृदय एकच आहे.”

“दुसऱ्याची आणा. पट्टीवर फोटो थोडाच असतो?”

मनोहरराव वाईट माणूस नव्हते. सगळेच असं करतात, असं त्यांनी जेवल्या-खाल्ल्याइतक्या सहजपणे सांगितलं. मला अजून राग येतो तो त्या सहजपणाचा.

खाटेवर मेथी निवडत बसलेल्या कांताबाई हे ऐकत होत्या. त्या शेजारच्या, जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकायच्या. मूलबाळ नाही, नवरा कधीचाच गेलेला. प्रेमिलाबाईंची आणि त्यांची बत्तीस वर्षांची सोबत होती.

“माही घ्या ना पट्टी,” त्या म्हणाल्या. “रोज दोन टोपले डोक्यावर घेऊन राहिली मी. बैलावानी कलेजा हाये माहा.”

प्रेमिलाबाईंनी पेटीतल्या कापडाची घडी मोडून पुन्हा घातली. मग पेटीकडे पाहत म्हणाल्या, “जाशील काय वं?”

पुढच्या दिवशी कांताबाई प्रेमिलाबाईंची काठाची पांढरी साडी नेसल्या. मास्तरीणबाई दिसायला हवं म्हणून चष्माही मागून घेतला आणि त्यातून काही दिसेना म्हणून दारालाच धडकल्या. वय, आडनाव, शाळेचं नाव सगळं पाठ करून त्या दुसऱ्याच एका दवाखान्यात गेल्या.

संध्याकाळी परतल्या तेव्हा घराच्या तीन पायऱ्या त्यांनी दोनदा थांबून चढल्या. “गॅस झाला,” म्हणत पाणी प्यायल्या आणि हसायला लागल्या.

“तुह्या नावालेच रोग लागला वं. मी तिथं तू होऊन झोपली, अन् तो डॉक्टर म्हणते, प्रेमिलाबाई, तुमचं हृदय चांगलं नाही, आजच्या आज भरती व्हा. मी बसली ना गुपचाप. म्हटलं, पाहा, यानं न पाहता वळखलं तुले.”

प्रेमिलाबाईही हसल्या. मनोहररावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, त्या दवाखान्याचं मशीनच बिघडलं असेल, रविवारी कागद घेऊन या, दुसरी कोणीतरी बाई पाहू.

नवी पट्टी माझ्याच लिफाफ्यात सरकवली गेली. तिच्यावरही नाव तेच, ‘प्रेमिला’. आम्ही दोघी तोंडाला तोंड लावून पडलो आणि मी तिला वाचलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. नावालाही काही झालं नव्हतं. माझी जखम जुनी, खपली धरलेली. तिची ओली होती. ते बाजारातून टोपली उचलणारं, सगळ्यांना हसवणारं हृदय त्याच आठवड्यात कधीही थांबू शकलं असतं, आणि हे दुखणं प्रेमिलाबाईंचं नसून कांताबाईंचं आहे, हे शहरात फक्त आम्हा दोन कागदांना ठाऊक होतं.

तीन दिवस मी लिफाफ्यात तडफडले. बाहेर कांताबाईंचा आवाज यायचा, आज वांगे महाग झाले, आज पाय ओढून राहिले. मला ओरडता येत नाही. मला फक्त वाचून घेता येतं, आणि त्यासाठी वाचणारं कोणीतरी लागतं.

रविवार आला. प्रेमिलाबाई नेहमीप्रमाणे विहारात गेल्या. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांचा रविवार चुकला नव्हता. तिथून पुढे मनोहररावांकडे जायचं होतं, म्हणून लिफाफा पिशवीत आणि पिशवी मांडीवर होती. सगळे मिळून पंचशील म्हणू लागले. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळ्यांचे आवाज वर गेले आणि माझ्या डोक्यावरचा तेवढा एक आवाज थांबला. पाचव्या शीलालाही तो परत आला नाही.

त्या मनोहररावांकडे गेल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी आम्हा दोघींना टेबलावर एकीखाली एक पसरलं आणि चष्मा लावला. तेहतीस वर्षं मुलांच्या चौकटीच्या वह्या तपासलेली बाई होती ती. कोणी कोणाचं पाहून लिहिलंय, हे तिला एका नजरेत कळत असे. तिनं बोट फिरवलं. मी जिथं दबत होते तिथं दुसरी सरळ होती. मी सरळ होते तिथं दुसरी उसळत होती.

“नाव माझं आहे,” ती एकटीच म्हणाली, “पण गणित दुसरीचं आहे. मग दुखणंही तिचंच.”

मग तिनं भिंतीवर थाप मारून कांताबाईंना बोलावलं. दम कधीपासून लागतो, विचारलं.

“काहून?” कांताबाई म्हणाल्या. “होळीपासून असन. गॅस आहे.”

“टोपलं राहू दे. चाल धंतोलीले.”

“अन् तुहं विमान?”

“विमान कुठं पळून राहिलं?”

त्याच दुपारी रिक्षानं त्या दोघी माझ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी दुसरी पट्टी पाहिली, नाव पाहिलं, मग प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. बाईंनी काही लपवलं नाही. पट्टी माझ्या नावाची आहे पण माझी नाही, मी खोटं करायला निघाले होते, असं सरळ सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. खुर्चीतून उठले आणि बाकावर बसलेल्या कांताबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून, एक पाऊलही टाकू न देता आत नेलं. त्यांचा नवा कार्डिओग्राम त्यांच्या स्वतःच्या नावानं निघाला आणि दवाखान्यातच राहिला. आम्ही जुन्या दोघी परत लिफाफ्यात आलो.

चार दिवसांनी प्रेमिलाबाईंनी अर्ज भरला. रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘हो’ लिहिलं, आजाराचं साल लिहिलं, आणि टाचणीनं मला लावलं. माझ्या कोपऱ्यात ते भोक अजून आहे. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. विमा मिळेल, म्हणाले, पण हृदयामुळे जे काही होईल ते त्यात धरलं जाणार नाही.

“म्हणजे ज्याची भीती आहे ते सोडून बाकी सगळ्याचा विमा?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी मान वर केली नाही. नियम आहे, म्हणाले. मग मला टाचणीतून सोडवताना हळू आवाजात म्हणाले, “लोक लिहीत नाहीत हो, बाई. तुम्ही कशाला लिहिलंत?”

माणसांनो, तुमचं हे मला कधी समजणार नाही. तुम्ही प्रश्न छापता, त्याच्यासमोर जागा सोडता, आणि खरं उत्तर आलं की तुम्हालाच अवघडल्यासारखं होतं. आजारी माणसाला विमा नको तर कोणाला हवा? ज्यानं ‘नाही’ लिहिलं तो विमानात बसला. जिनं ‘हो’ लिहिलं ती पायऱ्या उतरून भर उन्हात बसची वाट पाहत उभी राहिली. मी तिच्या पिशवीत होते. ते हृदय कसं चाललं होतं, हे मला ऐकू येत होतं.

तिनं सुमतीला सगळं लिहिलं, पित्तासकट. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. “ये म्हणायचं धाडस होत नाही आई, आणि नको येऊ असंही लिहवत नाही.” प्रेमिलाबाईंनी ते मुलीवर सोडलं नाही. येत नाही, असं स्वतःच कळवलं आणि पेटी उघडून झबली पार्सलानं पाठवली. डिंक-अळीव कोण नेणार? ते तसंच राहिलं.

कांताबाई दवाखान्यातून सुटल्या त्या प्रेमिलाबाईंच्याच घरी. पाच महिने मऊ भात, वेळच्या वेळी गोळ्या, डोक्याला तेल. जे मुलीचं करायचं होतं ते सगळं त्या घरात झालं, फक्त बाळ नव्हतं. ऑगस्टमध्ये तार आली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. प्रेमिलाबाईंनी ती वाचून दाखवली तेव्हा कांताबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

“माह्यापायी तुहं जाणं राहिलं.”

“तुह्यापायी नाही वं. त्या रकान्यापायी.”

नातीचे फोटो येत राहिले. प्रेमिलाबाई संध्याकाळी ते ओळीनं मांडायच्या, पालथी पडलेली, बसलेली, उभी राहिलेली. मग मला काढायच्या, दबलेल्या जागी बोट ठेवायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. १९८७ च्या डिसेंबरात, एका दुपारी, त्या तशाच खुर्चीत गेल्या. कांताबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा फोटो मांडीवर होते.

आठव्या दिवशी सुमती पोहोचली. दोन वर्षांची मुलगी कडेवर होती. ती नव्या घरात हिंडावं तशी त्या दोन खोल्यांत हिंडली आणि आजीचा चष्मा हातात घेऊन बसली. सुमतीनं फोटो नेले, चष्मा नेला. लिफाफा पाहून विचारलं, याचं काय करू? कांताबाई म्हणाल्या, तो मले राहू दे.

म्हणून मी या डब्यात आहे.

कांताबाईंना वाचता येत नाही. आणि वाचता आलं असतं तरी काय, दोघींवर नाव एकच आहे. रविवारी विहारातून आल्या की त्या आम्हाला खाटेवर पसरतात आणि विचारतात, “यातली तू कोणती वं?” मी सांगते, मी, टाचणीचं भोक आहे ती. माझं बोलणं कोणाच्या कानी जात नाही.

तुमच्यापैकी कोणी जरीपटक्याकडे आलं, तर एवढं करा. आमची रेघ पुरती उडायच्या आत आमच्या पाठीवर पेन्सिलीनं खूण करा, कोणती कोणाची. आणि तुमच्यासमोर कधी तो रकाना आला, तर खरं लिहा. रकाना छापणारे तुम्हीच असाल, तर ‘हो’ लिहिणाऱ्याकडे मान वर करून बघा.

परवाच्या रविवारी कांताबाईंनी दोघींतली एक उचलली, छातीशी धरली आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिल्या. वांग्यांचं बोलल्या, पायांचं बोलल्या, सुमतीच्या मुलीचं बोलल्या. ती त्यांची स्वतःचीच पट्टी होती. मी खाटेवर होते, हातभर अंतरावर.