दुधाची लेक

गुरुवारी सकाळी दहाला सरकारी बाई येणार, असा कागद दाराखालून आत सरकला आणि निकबख्तनं आधी दाराची कडी लावली.

खरं तर कागदात वावगं काहीच नव्हतं. काबूल पडलं तेव्हा जी माणसं विमानात कोंबून आणली, त्यांतल्या काहींना सरकारनं ॲडलेडच्या विमानतळाजवळच्या या मोटेलात तात्पुरतं ठेवलं होतं. आता एकेका कुटुंबाला घर द्यायचं, तर घरात माणसं किती हे बघायला नको? म्हणून ती बाई येणार. सगळ्यांनी कागदपत्रं घेऊन खोलीत हजर राहावं, एवढंच. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, त्यातली गत. आणि गंमत अशी, की निकबख्तनं चोरी केलीच नव्हती. उलट फार खरं बोलायला गेली आणि तिथंच फसली.

झालं होतं असं. तिची बहीण हुमैरा बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी गेली. मुलीचा बाप इराणात दगड फोडायला गेलेला, त्याचा आजतागायत पत्ता नाही. निकबख्तची नूरिया तेव्हा चार महिन्यांची होती. तिनं एका बाजूला नूरियाला घेतलं, दुसऱ्या बाजूला त्या तीन दिवसांच्या पोरीला, आणि संपलं. सोहैला तिची लेक झाली. त्यांच्या हजारा जमातीत यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. जिचं दूध प्यायलं ती आई, तिची लेकरं ती सख्खी भावंडं, त्यांच्याशी लग्नसुद्धा हराम. दुधाचं नातं रक्ताच्या नात्याहून तसूभर कमी नाही.

तिचा नवरा अवज़ अली काबूलला याच सरकारच्या वकिलातीच्या फाटकावर पहारा द्यायचा. त्यानं अर्जात दोघींना मुली म्हणूनच लिहिलं, आणि बरोबरच लिहिलं. जन्मतारखेच्या रकान्यात सगळे टाकतात तशी पहिली जानेवारी टाकायला तो निघाला होता. अर्धं काबूल कागदावर पहिल्या जानेवारीलाच जन्मलेलं आहे. पण निकबख्त अडून बसली. पोरींच्या आजोबांनी घरच्या कुराणाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दोघींचा दिवस लिहून ठेवला होता. "कुराणातली तारीख मी खोटी पाडू? मला दोजखाच्या आगीत पाठवायचंय का?" असं म्हणून तिनं त्याच्याकडून खऱ्या तारखा लिहून घेतल्या. नूरिया वसंतातली, सोहैला भर उन्हाळ्यातली. मध्ये बरोबर चार महिने. काबूलच्या गदारोळात ते कुणी पाहिलंच नाही.

पाहिलं ते ताहिरानं, मंगळवारी, मोटेलातल्या कपडे धुवायच्या खोलीत. ताहिरा सात नंबरच्या खोलीतली, तिकडं शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळं सगळ्यांचे कागद तीच वाचायची. तारखांवर तिचं बोट थांबलं आणि ती फिदीफिदी हसली.

"अगं बाई, तू काय मांजर आहेस का? चार महिन्यांत दुसरं?"

निकबख्तही आधी हसली. मग दोघींचं हसू एकदमच थांबलं.

"हे त्या बाईच्या नजरेतून सुटायचं नाही हं," ताहिरा हळूच म्हणाली. "अकरा नंबरवाल्यांचं ऐकलंस ना? पुतण्याला मुलगा म्हणून लिहिलं होतं म्हणे. परवा गाडी आली, सामानासकट घेऊन गेली."

"कुठं नेलं?"

"मला कुठं सांगून गेले! पण चांगल्या ठिकाणी नेताना माणसं सांगून जातात, नाही का?"

निकबख्त ओले कपडे तसेच टोपल्यात भरून खोलीकडं निघाली. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं, की तिनं टोपलं टाकून डोकं धरलं. एका महिन्यात हे तिला सवयीचं झालं नव्हतं. पलीकडं उभ्या असलेल्या, मोटेलात काम करणाऱ्या पोराला वाटलं बाईला चक्कर आली, तो पाणी घेऊन धावला. तिला त्याचीही भीती वाटली.

अवज़ अलीनं ऐकलं आणि तो पलंगावर बसलाच.

"जुळ्या सांगू," तो म्हणाला.

"कागदावर चार महिन्यांचं अंतर आणि तोंडानं जुळ्या! अक्कल कुठं चरायला गेली तुमची?"

"मग काय सांगू? तू सांग. तारखा कुणाच्या हट्टानं लिहिल्या? मी पहिली जानेवारी टाकतच होतो!"

"हळू बोला, पोरी आहेत."

पोरी दुसऱ्या पलंगावर गोधडीत शिरून टीव्हीवर चित्रं बघत होत्या. आवाज बंद होता, कारण भाषा कळत नव्हती. अवज़ अलीनं आपला आवाज उतरवला, पण खोली ती केवढी!

"एकीपायी चौघांना परत काबूलच्या विमानात घालतील, निकबख्त. फाटकावर तालिब उभे आहेत तिकडं. माझं नाव आहे त्यांच्याकडं. एकीपायी नूरियाही जाईल."

"जीभ झडो तुमची."

बोललेलं त्यालाच झोंबलं असावं, कारण तोंड धुवायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. निकबख्तनं गोधडीकडं पाहिलं. नूरिया चित्रं बघत होती. सोहैलाचे डोळे मिटलेले होते. झोपली असेल, असं निकबख्तनं स्वतःला सांगितलं. अहो, नऊ वर्षांची पोर दुपारी चार वाजता चित्रं टाकून झोपते होय? पण घाबरलेल्या माणसाला जे हवं तेच दिसतं.

बुधवारचा दिवस नुसता भीतीत गेला. अवज़ अलीनं दाढी केली, पुन्हा केली. निकबख्तनं खोली तीनदा झाडली. सोहैला दुपारभर ताहिराच्या मुलीबरोबर होती आणि काहीतरी घोकत होती. निकबख्तनं विचारलं तर म्हणाली, "इंग्रजी शिकतेय, आबै." आबै म्हणजे आई. हे तिनं नेहमीपेक्षा जरा हळू म्हटलं.

गुरुवारी निकबख्तनं वेलची टाकून चहा ठेवला, बाई चहा घेवो न घेवो. नूरियाची वेणी घातली आणि हाक मारली, "सोहैला, ये, तुझी राहिली."

सोहैला खोलीत नव्हती. न्हाणीघरात नव्हती. तिचे लाल बूट जागेवर नव्हते आणि काबूलहून आणलेली पिशवीही नव्हती.

निकबख्तचं धाबं दणाणलं. तशीच ती अनवाणी बाहेर धावली. धुण्याच्या खोलीत कुणी नाही, सात नंबरला कुणी नाही. मोटेलासमोरचा रस्ता भला रुंद, त्यावरून मालट्रका सुसाट चाललेल्या. काबूल विमानतळाच्या फाटकावरच्या गर्दीत, कमरेइतक्या घाण पाण्यात तिनं दोन्ही पोरींची मनगटं अशी धरली होती, की वळ चार दिवस गेले नव्हते. आणि इथं, चादरी-बिछाने असलेल्या खोलीतून तिनं पोर हरवली! "तिला ते ऐकू गेलं होतं, मला मेलीला ठाऊक होतं," एवढंच ती पुटपुटत होती. अवज़ अली मोटेलामागं पळाला, हाती काही न लागता परतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आत चल. दहा वाजले. बाई आली आणि कुणीच नसलं तर..."

"तर काय? घाला चुलीत तिचं घर!"

तरी त्यानं तिला ओढून आत नेलं. दार लावलं तोच टकटक झाली. तीनदा, बेतानं.

दारात सरकारी बाई होती, गळ्यात ओळखपत्राची फीत आणि हातात कागदांचं पुडकं. शेजारी दुभाषी म्हणून हकीमा खाला, सगळ्यांची मावशी झालेली, वीस वर्षं इथं राहिलेली हजारा म्हातारी. आणि दोघींच्या मध्ये सोहैला. केस स्वतःच विंचरलेले, भांग वाकडा. पिशवीतून कालचा नान डोकावत होता.

हकीमा खाला चाचरत म्हणाली, "बाई विचारताहेत, ही पोर तुमच्या ओळखीची आहे का? खाली कचेरीत उभी होती. इंग्रजीत एवढंच सांगतेय, मी एकटी आले."

सोहैला जमिनीकडं बघत होती. सगळी योजना तिनं एकटीनं केली होती. आपण यांच्या नसलो, की कागदावर चार महिन्यांचा घोळ उरत नाही, मग यांना कुणी विमानात घालणार नाही. आता आबैनं फक्त मान हलवायची होती. नाही म्हणायचं होतं.

अवज़ अलीनं तोंड उघडलं. काय म्हणणार होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक, कारण निकबख्त मध्ये बोलली.

"माझी आहे."

"निकबख्त—"

"तुम्ही गप्प बसा. खाला, सांगा त्या बाईला. माझी लेक आहे. मी जन्म दिलेला नाही. माझी बहीण मेली, हिला मी पाजलं. दोन वर्षं पाजलं. माझं दूध प्यालेली पोर आहे ही. तारखा खऱ्या आहेत, बाकी कुणाला काय वाटायचं ते वाटो. पाठवायचं तर पाठवा, पण चौघांना पाठवा. हिला एकटीला नाही." आणि मग रडत रडत, "एकटी म्हणे! तुझं तोंड फोडीन, कार्टे, पुन्हा एकटी म्हणालीस तर!"

हकीमा खालानं भाषांतर केलं. दुधापाशी ती अडखळली, नीट शब्द सापडेना, तेव्हा तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. बाई बराच वेळ तारखा बघत राहिली.

"बाई म्हणतात," खाला म्हणाली, "हे कागद दुसऱ्या खात्याकडं जातील, तिथं चौकशी होईल. काय ठरेल ते त्यांना सांगता येत नाही. त्यांचं काम फक्त एवढंच लिहायचं, की या खोलीत किती माणसं एकत्र राहतात."

मग बाई गुडघ्यावर बसली आणि खालाला न विचारता, सावकाश इंग्रजीत, तिनं सोहैलालाच विचारलं, "तू कुणाबरोबर आलीस?"

सोहैलाला इंग्रजीचं एकच वाक्य येत होतं. भीतीनं तिच्या तोंडून तेच बाहेर पडलं.

"मी एकटी आले," ती म्हणाली, आणि म्हणताना तिनं दोन्ही मुठींनी आबैचा झगा इतका घट्ट धरला होता, की शिवण उसवली.

बाईनं त्या मुठींकडं पाहिलं. मग रकान्यात चार लिहिलं.