शिशाच्या माळावरची विहीर

मी विहीर बोलतेय. आष्टीच्या पलीकडं, माळावर बंद पडलेल्या कारखान्याच्या कुंपणाआत जी एकटी विहीर आहे, तीच मी. मला पहिला झरा लागला तेव्हा भिवराबाई नवी नवरी होती. तिनं खणानारळानं माझी ओटी भरली, काठाला कुंकवाची बोटं लावली. तेव्हा मीही मनोमन नवस बोलले होते, 'देवा, मला आटू देऊ नकोस. काठावर आलेल्या कुणालाच मी रित्या हातानं पाठवणार नाही.'

तो नेम बरीच वर्षं चालला. माणसांची गंमत असते बघा. पाणी असलं की आत कुणी डोकावत नाही, आटायला लागलं की सगळी वाकवाकून बघतात.

पुढं माळ विकला गेला आणि इथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा कारखाना आला. बॅटऱ्यांतलं आंबट पाणी शेडमागच्या खड्ड्यात ओतायचे. ते मुरत मुरत माझ्या झऱ्यांना येऊन मिळालं. वरून मी होते तशीच नितळ! आधी शेळ्या गेल्या. मग कामगारांची लेकरं पोट धरून रडायला लागली. पोहरा आत आला की मी भरून देतच होते. नेम मोडता येईना, आणि आता त्या देण्यातच विष होतं. शेवटी लोकांनी ओरड केली, कारखान्याला कुलूप लागलं. मालक कुठं गेला, कुणास ठाऊक.

यंदा सरपंच भागवतरावांनी ठरवलं, त्याच शेडात ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी वसतिगृह करायचं. भिवराबाईची नात वैष्णवी दरसाल आईबापांबरोबर उसाच्या फडावर जाते, शाळा बुडते. भिवराबाईनं लिंबागणेशच्या गणपतीला नवस केला, "वसतिगृह होऊ दे, अनवाणी येईन."

पण आधी जागा तपासायची होती. माती आणि पाण्याचे नमुने न्यायला तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या प्रियदर्शनी मॅडम यायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी भागवतरावांनी माझा तळ उपसून घेतला आणि वरून टँकर सोडला. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर विहिरीतच रिकामा करतात, म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. टँकरवाला परमेश्वर हसला.

"सरपंच, पोरगी दाखवायचा कार्यक्रम हाय का?"

"तसंच समज बे. पाव्हण्यापुढं कुणी पारोशी उभी करतंय व्हय?"

भागवतराव वाईट नाहीत. एकदा जागा पास झाली की नळ येईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. माझ्या पोटात मात्र वर परक्याचं पाणी आणि खाली माझे झरे पाझरतच होते.

मॅडमनी बाटली भरली, हुंगली. "टँकर टाकलाय का यात?"

"न्हाई मॅडम," भागवतराव म्हणाले, "देवाचं पाणी हाय."

भिवराबाई कुंकवाची कोयरी घेऊन काठाशीच उभी होती. काल तिनं आपल्या घराच्या दारातून टँकर ओतताना पाहिला होता. बोलली तर नात फडावर, गप्प बसली तर नात माझ्या पाण्यावर. तेवढ्यात वैष्णवीनं पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. "आज्जे, गोड झालंय की! मी आता इथंच ऱ्हाणार ना?"

भिवराबाईनं तिची ओंजळ खाली सांडली.

"मॅडम, ह्ये हिचं पाणी न्हाई. काल टँकर वतलाय."

भागवतराव मधेच ओरडले, "अवो काकू, कावून सगळ्याचं वाटोळं करता? तुमचीच नात फडावर जाईल!"

"जाऊ द्या. जिती तर ऱ्हाईल." मग हात जोडून ती म्हणाली, "गणराया, बोललेला नवस माघारी घेते. कोपायचं तर माझ्यावर कोप."

बोललेला नवस मागं घेणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

मला पुन्हा उपसलं, झरे पाझरू दिले, मग बाटल्या भरल्या. शिसं पाण्यात निघालं, मातीतही निघालं. वसतिगृह थांबलं. दुसरी जागा बघू म्हणतात, अजून कुणी बघितलेली नाही. दिवाळी झाली आणि वैष्णवी ट्रॅक्टरवर, बोचक्यांच्या ढिगावर बसून गेली. भिवराबाई धूळ बसेपर्यंत रस्त्याकडं बघत राहिली.

आता माझ्या तोंडावर लोखंडी जाळी आहे. आलेल्याला मी रित्या हातानं परत पाठवते, आणि तेच पुण्याचं आहे, असं स्वतःला समजावते. तळाशी झरे वाहतातच. कधीतरी ते निवळतील, ही आशा मी सोडलेली नाही.

बायांनो, बापांनो, तुमच्याही गावाकडेला असा एखादा कुलूपबंद कारखाना असेल. उद्या तिथं लेकरांसाठी काही उभं करायचं ठरेल, तपासणारे येतील, आणि तुम्हाला वाटेल, पाव्हण्यांना चांगलंच दाखवावं. तेव्हा देवासमोर एवढा नेम धरा: जे पाणी लेकरू पिणार, तेच पाणी बाटलीत जाईल. पदरात काही पडलं नाही तरी चालेल. पण नेम धरा, आणि आजच धरा.