तिसऱ्या बरणीतला फेस

मित्रांनो, मी लातूरच्या एका शाळेतला जुना लाकडी खोका आहे. माझ्या पाठीवर काचेच्या तीन बरण्या आहेत आणि समोर निळ्या रंगात लिहिलंय, 'परक्या ग्रहावरची माती. शोधा, जीव कुठे आहे?' ती अक्षरं कुणी वाचली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. खोक्याला कसली लाज, म्हणाल. ऐका तर खरं.

मला विरूपाक्ष गुरुजींनी भूकंपाच्या पुढच्या वर्षी घडवलं. त्या पहाटे त्यांच्या घराचं माळवद कोसळलं आणि त्यांची बायको, नागाबाई, खाली अडकल्या. आतून आवाज येईना, म्हणून माणसं पुढच्या घराकडे धावली. गुरुजी मात्र ढिगाऱ्याला कान लावून बसून राहिले. बऱ्याच वेळाने आतून बांगडीची टकटक ऐकू आली. नागाबाई वाचल्या. पुढे माझ्या बरण्या त्याच घासायच्या.

माझा खेळ साधा होता. पहिल्या बरणीत नुसती लाल माती, दुसरीत मातीत सोडा आणि लिंबूसत, तिसरीत बेकरीतून आणलेलं यीस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव. मुलं तिन्हींत कोमट साखरपाणी ओतायची. दुसरी लगेच फसफसायची आणि मुलांना वाटायचं, जीव सापडला! गुरुजी गालात हसायचे. "जित्तं असंल तर बोलंल. आपुन थांबायचं," एवढंच म्हणायचे. वीस-पंचवीस मिनिटांत दुसरी गप्प व्हायची आणि तिसरी हळूहळू फुगू लागायची. माझ्यासाठी पार कंधार, नायगावहून सहली यायच्या. काय ऐट होती माझी!

गुरुजी निवृत्त झाले. शहरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तसा एक आमच्या प्रयोगशाळेतही भरू लागला. क्लासचे नरसिंग सर प्रवेशाच्या दिवशी पालकांसमोर मला मांडायचे. पण वीस मिनिटं थांबायला वेळ कुणाला? सरांनी तिसरीतलं यीस्ट फेकलं, दुसरीतला सोडा आणि लिंबूसत तिच्यात भरलं आणि तिलाच जिवंत म्हणून टाकलं. पाणी पडलं की मी फसफसायचो, टाळ्या पडायच्या. मित्रांनो, खरं सांगतो, त्या टाळ्या मला आवडायच्या. मी खोटं बोलत होतो आणि वर मिरवत होतो.

एका वर्षी प्रवेशाच्याच दिवशी सरांनी गुरुजींचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं झालं. मग माझा प्रयोग. फेस आला, टाळ्या झाल्या, मुलांनी वहीत 'तिसरी जिवंत' असं लिहिलं. क्लाससाठी भोकरहून आलेली दीपाली तेवढी बरणीला हात लावून उभी राहिली. फेस बसल्यावर तिने पुन्हा साखरपाणी ओतलं. काहीच झालं नाही. तिने वहीत लिहिलं, 'तिसरी जिवंत नाही.'

"सर, हे जिवंत न्हाई. जिवंत असतं तर अजून खाल्लं असतं," ती म्हणाली.

सर हसले. परीक्षेत एका प्रश्नाला एकच मिनिट मिळतं, फेस आला की जीव, असंच लिही, म्हणाले. पालकही हसले. पोरीने खाली मान घालून वहीतलं स्वतःचं वाक्य खोडलं. मी समोर होतो. साधा एक बुडबुडा काढून तिची बाजू घ्यावी, तर माझ्यात जिवंत काही उरलंच नव्हतं.

गुरुजी उठले. तिची वही घेऊन त्यांनी खोडलेलं वाचलं आणि त्याच्याच खाली आपल्या हाताने तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

"खोडू नको, पोरी. तू थांबलीस, हे लई हाय."

मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, रागावतील. त्यांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढली, तिन्ही बरण्या झाकल्या आणि निघून गेले. दीपाली त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

ती शाल अजून माझ्यावर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी ती काढलीत, तर आधी तिसरी बरणी स्वच्छ घासा, चमचाभर यीस्ट घाला आणि घड्याळ बाजूला ठेवा. मला एकदा खरं बोलायचं आहे. थोडा वेळ लागेल, तेवढं थांबा.