माझा चौथा सिलिंडर आणि पंडितचे कान

मी सुंदररावांची पांढरी गाडी बोलतेय. युसूफ वडगाव या गावात, त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सध्या माझा मुक्काम आहे. शेजारी कडब्याच्या पेंढ्या रचल्यात आणि एक कोंबडी रोज दुपारी माझ्या टपावर येऊन बसते. पूर्वी माझ्या काचेवर कुणाच्या बोटाचा ठसा उमटला तरी पंडितला खपत नसे.

पंडित माझा ड्रायव्हर. माझी कहाणी सांगायची म्हणजे त्याचीच सांगावी लागते.

वीसेक वर्षांपूर्वी सुंदरराव जिल्हा परिषदेवर निवडून आले, तेव्हा त्यांनी मला पुण्याहून आणलं. सहा सिलिंडरचं इंजिन, चामड्याच्या सीटा, समोर लाकडाची पट्टी. अख्ख्या केज तालुक्यात माझ्यासारखी दुसरी नव्हती. पंडित तोवर ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र चालवायचा. पहिल्या दिवशी त्याने बॉनेट उघडलं, मला चालू केलं आणि डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहिला.

“लई गुणाची हाय,” एवढंच म्हणाला.

त्याचे कानच तसे होते. पट्टा सैल झाला, प्लग मळला, की मला त्रास व्हायच्या आधी त्याला कळायचं. लाकडाचं एक दांडकं इंजिनला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि नेमकं दुखणं सांगायचा. केजच्या राधाकिशन मिस्त्रीने ही विद्या त्याच्याकडूनच उचलली. तो पंडितला मामा म्हणायचा.

पुढे सुंदररावांचं राजकारण सरलं. मागेपुढे करणारी माणसं दुसऱ्यांच्या गाड्यांत जाऊन बसली. मी राहिले आणि पंडित राहिला. सुंदरराव मागच्या सीटवर बसून वाटभर त्याच्याशी बोलायचे. जुन्या निवडणुका, गेलेली माणसं, मनात सलणाऱ्या गोष्टी. पंडित आरशात बघून मान हलवायचा.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या चौथ्या सिलिंडरचं दुखणं सुरू झालं. इंधन जळून झालेला धूर बाहेर सोडणारा जो वॉल्व्ह असतो, तो नीट बसेना. सुरुवातीला उभ्या जागी बारीक फुसफुस व्हायची, एवढंच. मला काळजी नव्हती. उद्या पंडित ऐकेल, असं वाटायचं. तो रोज सकाळी यायचा, फडकं मारायचा, उदबत्ती ओवाळायचा, मला चालू करायचा. मी जमेल तशी सांगत होते. तो शांतपणे गिअर टाकायचा.

मला वाटलं, त्याचं माझ्यावरचं मन उडालं.

खरं काय ते मला नारायणगडाच्या वाटेवर कळलं. त्या दिवशी सुंदररावांच्या पत्नी, गीताबाई, एकट्याच दर्शनाला निघाल्या होत्या. मागून एक टेम्पो सारखा हॉर्न वाजवत होता आणि पंडितने त्याच्यापुढेच मला उजवीकडे वळवलं. टेम्पो माझ्या दाराला हवा लावून गेला. पंडितने मला कडेला घेतलं. गीताबाई उतरून पुढे त्याच्या शेजारी येऊन बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “पंडितभाऊ, कधीपासून हे?”

पंडितने किल्ली फिरवून मला बंद केलं. “दोनेक वर्षं झाली, वहिनी. मालकांना सांगू नका. गाडी हातातून गेली, तर दिवसभर मी करू काय?”

गीताबाईंनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र नवरा मागे असो नसो, त्या पुढेच बसू लागल्या. मागे हॉर्न वाजला की हळूच पंडितच्या दंडाला बोट लावायच्या. सुंदररावांना वाटायचं, बाईला पुढची हवा आवडते.

त्या बोट लावायच्या ते रस्त्यासाठी. माझ्या आत काय चाललंय ते त्यांना कुठून कळणार?

उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात मी गचके देऊ लागले. समोर पिवळा दिवा लागला. सुंदररावांना बसल्या जागी थरथर जाणवली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही राधाकिशनच्या गॅरेजात गेलो.

राधाकिशनने तपासायचं यंत्र हातात घेतलं होतं, पण पंडितला बघून बाजूला ठेवलं. “मशीन मागून लावू. आधी मामा ऐकतील.”

मी चालू होते. राधाकिशन माझ्या एकेका सिलिंडरची वायर काढून परत लावू लागला. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनचा आवाज लगेच पडतो. मेलेल्याची काढली, तर काही फरक पडत नाही. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही वेळा माझा आवाज पडला. चौथ्याला काहीच झालं नाही. पाचवा आणि सहावाही चांगले निघाले.

“कोणता, मामा?” राधाकिशनने कानाजवळ तोंड नेऊन मोठ्याने विचारलं.

पंडितने डोळे मिटले होते, पहिल्या दिवशीसारखे. “दुसरा,” तो म्हणाला.

राधाकिशनचा हात तिथेच थांबला. मग तो पंडितच्या मागे गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, “मामा, च्या घेता का?”

पंडित माझ्याकडेच बघत राहिला. सुंदरराव हे सगळं बघत होते.

त्यानंतर राधाकिशनने यंत्र लावलं. त्यानेही चौथाच सांगितला. चौथ्याची ठिणगी देणारी कॉइल काढून दुसऱ्या सिलिंडरला बसवली, तरी दोष चौथ्यातच राहिला. प्लग नवा घातला, तरी तेच. दाब मोजला, तर काटा हललाच नाही. शेवटी प्लगच्या भोकातून त्याने बारीक कॅमेरा आत सोडला. वॉल्व्हची कड जळून तिचा तुकडा पडला होता आणि आत सगळीकडे ओरखडे उठले होते.

“पाच-सहा महिन्यांचं दुखणं हाय,” तो सुंदररावांना म्हणाला. “तवाच खोललं असतं तर वाचली असती.”

सुंदररावांनी पंडितला विचारलं, “तुला ऐकू येत न्हाई?” दुसऱ्यांदा मोठ्याने विचारावं लागलं.

“दोन वर्षं झाली, मालक. हाताला थरथर कळत होती,” पंडित म्हणाला. “पन मला वाटलं, माझेच हात कापत्यात.”

सुंदरराव रागावले नाहीत. ते एका जुन्या टायरवर बसले. हळू आवाजात म्हणाले, “मंग दोन वर्षं मी कुनाशी बोलत होतो?”

हे मात्र पंडितला ऐकू गेलं नाही, आणि कुणी त्याला परत सांगितलंही नाही.

माझ्यासाठी दुसरं इंजिन मिळालं नाही. मला ओढून घरी आणलं. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण सुंदररावांनी त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. आता ते फारसे कुठे जात नाहीत. गीताबाईंनी पंडितला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर म्हणाले, मळणीयंत्राने कान खाल्ले. कानात घालायचं यंत्र त्यांनी दिलं.

माणसांनो, तुमचा कुणी नुसती मान हलवत असेल, तर त्याच्यासमोर बसून एकदा विचारा. मला विचारता आलं नाही. मी रुसून बसले.

परवा पंडित शेडमध्ये आला, कानात यंत्र घालून. कोंबडी हाकलली, फडकं मारलं, आत बसून किल्ली फिरवली. माझी बॅटरी कधीच काढून नेलीय. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्याने दोनदा फिरवली.

मग तो उतरला आणि दार लावलं. दाराचा जड आवाज झाला. तो थबकला. त्याने दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. डोळे मिटून, कान माझ्याकडे करून, पुन्हा एकदा लावलं.

माझ्याकडे एवढाच आवाज उरला होता. तो मी त्याला दिला.